दुष्काळात जनावरांचा बाजार: कुठलं विकायचं, कधी विकायचं?

म्हसवडचा_पोर
सोम, 19/02/2024 - 21:40

मंडळी, काल सांगोल्याच्या बाजारात जाऊन आलो. विकायला काही नेलं नव्हतं, नुसता अंदाज घ्यायचा होता. ज्यांना यंदा जनावर काढायचंय त्यांच्यासाठी आणि माझ्या स्वतःच्या गोंधळासाठी हा धागा काढतोय.

आधी आमची स्थिती. ऑगस्ट कोरडा गेला, परतीचा पाऊस आलाच नाही. ऑक्टोबरअखेर सरकारनं 40 तालुके दुष्काळी जाहीर केले, त्यात सातारा जिल्ह्यातून वाई आणि खंडाळा. आमचं माण-खटाव नाही! हे वाचून आमच्या पारावर लोक आधी हसले, मग शिव्या दिल्या. नंतर महसुली मंडळांची वेगळी यादी निघाली, पण कागदावर नाव आल्यानं गव्हाणीत वैरण पडत नाही.

बाजारात आवक भरपूर. संकरित गायी तर ओळीनं. दुसऱ्या वेताची, दोन्ही टायमाला मिळून 14-15 लिटरची गाय गेल्या उन्हाळ्यात 75-80 हजाराच्या खाली कुणी सोडत नव्हतं. काल तसल्याच गायीला माझ्यासमोर 48 ला मागितली आणि मालक 52 ला तयार झाला. गिऱ्हाईक बहुतेक कोल्हापूर-सांगलीकडचं, ज्यांच्याकडं ऊस आहे म्हणजे वाढं (उसाचे हिरवे शेंडे) आहे. आपल्या भागातला माणूस एकही घेताना दिसला नाही, सगळे विकायला.

आता माझा गोंधळ. दावणीला सहा जनावरं आहेत: दुधाची एक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन), आटलेली एक जर्सी (पाच महिन्यांची गाभण), दीड वर्षाची कालवड, खिल्लार बैलजोडी आणि आईची म्हातारी देशी गाय. वैरण होळीपर्यंत पुरेल. खर्च कमी करायचा तर म्हातारी आणि थोरला बैल काढायला हवा, कारण दोघं नुसते खातात. पण त्या दोघांना बाजारात कोण विचारतंय? विकली जाईल ती एचएफ, जिच्या दुधावर घर चाललंय. म्हणजे ज्याला गिऱ्हाईक आहे ते विकायचं आणि ज्याला नाही ते सांभाळायचं. पाऊस पडेल तेव्हा दारात काय उरेल बघा.

तुमच्याकडं काय भाव चाललेत आणि तुम्ही काय करताय ते लिहा.

---

बांधावरून
सोम, 19/02/2024 - 22:05

वाचतोय. नगर जिल्ह्यातही हेच चित्र. घोडेगावचा शुक्रवारचा बाजार म्हशींनी भरलाय. म्हशीचा भाव गायीइतका पडलेला नाही, एवढंच.

---

तिसरं_वेत
सोम, 19/02/2024 - 22:31

भाव पडायला दुष्काळ निम्मा जबाबदार, निम्मा दुधाचा दर. गायीच्या दुधाला लिटरला 25-26 रुपये मिळत असताना गाय घ्यायची कुणी? सरकारनं जानेवारीपासून लिटरला 5 रुपये अनुदान दिलंय, पण त्यासाठी संघानं आधी 27 द्यायचे, गायीच्या कानात टॅग पाहिजे, तिची नोंद ऑनलाईन पाहिजे आणि बँक खातं जोडलेलं पाहिजे. आमच्या वाडीत निम्म्या गायींचे टॅग कान फाटून पडलेत.

गायीचा भाव दुधाच्या दराला बांधलेला असतो, हे धागाकर्त्यानं लक्षात ठेवावं. दर वाढला की महिनाभरात गाय वधारते. त्यामुळं एचएफ काढायची घाई नको.

---

हिशोबी_गवळी
सोम, 19/02/2024 - 23:10

घाई नको म्हणणं सोपं आहे हो. आकडे मांडू.

चारशे किलोच्या गायीला दिवसाला 10-12 किलो शुष्क चारा लागतो, म्हणजे पाणी वजा जाता. कडबा नि ओली वैरण मिळून धरा. कडब्याची पेंढी आमच्याकडं 25 च्या खाली नाही आणि पेंढी पूर्वीसारखी जाडजूड राहिलेली नाही, दोन मुठींची असते. दिवसाला पाच पेंढ्या म्हणजे सव्वाशे. वर आंबोण: सरकी पेंड, गोळी, भुस्सा मिळून दुधाच्या गायीला दीडशे सहज. झाले पावणेतीनशे. चौदा लिटर गुणिले 26 म्हणजे 364. टँकरचं पाणी, डॉक्टर, मजुरी यात धरलेली नाही. म्हणजे दुधाची गाय कशीबशी स्वतःचं पोट भरते आणि तुमच्या बैलाचं निम्मं.

भाकड जनावराला आंबोण सोडून दिलं तरी रोज शंभर-सव्वाशे. जूनअखेरपर्यंत चार महिने: 12 ते 15 हजार प्रत्येकी. जनावर विकून काय येईल त्यापेक्षा न विकून काय जाईल हा हिशोब आधी करा.

---

रेणापूरकर
मंगळ, 20/02/2024 - 06:50

आमचा तालुका यादीत आहे म्हणून लै सुखात आहोत असं समजू नका.

2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीचं सांगतो. आमच्या वडिलांनी देवणीची जोडी हाळी हंडरगुळीच्या बाजारात नेली. सहा दाती (बैलाचं वय दातांवरून धरतात), एका रंगाची, वखराला-तिफणीला तयार. मार्च महिना होता. गिऱ्हाईकानं टॉवेल टाकला, वडिलांचा हात आत घेतला, बोटं दाबली (भाव असा गुपचूप बोटांवर सांगतात). वडिलांनी हात झटकन बाहेर काढला आणि काही न बोलता बैलांच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिले. मी विचारलं किती? बोलले नाहीत. पुन्हा दुसरा आला, त्यानंही तेवढीच बोटं दाबली. तिसऱ्यालाही तेच. चौथ्या वेळी कळलं की बाजारात शिरतानाच दलालांनी भाव ठरवून टाकलेला आहे, टॉवेल नावाला. दुपारी दोनला दिले. पैसे घेतले, दावी सोडून घेतली. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, घेणाऱ्यानं स्वतःचा कासरा आणायचा.

जुलैत पेरणीला जोडी पाहिजे म्हणून त्याच बाजारात गेलो. आमच्यापेक्षा हलकी जोडी, दुप्पट भाव. ट्रॅक्टरनं पेरलं.

म्हणून माझं म्हणणं: विकायचं तर दिवाळी ते संक्रांत. त्यानंतर बाजारात सगळे आपल्यासारखेच असतात. फेब्रुवारी सरत आला, तुम्ही उशीर केलाय.

---

हौशी_पुणेकर
मंगळ, 20/02/2024 - 09:15

शेतीतलं कळत नाही, कुतूहल म्हणून विचारतो. म्हाताऱ्या बैलाला अजिबातच गिऱ्हाईक नाही असं का? पूर्वी तर मिळायचं ना?

---

कायद्याचं_बोला
मंगळ, 20/02/2024 - 10:02

@हौशी_पुणेकर, थोडक्यात: महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यानं गायीच्या कत्तलीला बंदी होती, पण कामातून गेलेल्या बैलाला दाखला घेऊन कापता यायचं. 1995 ला विधिमंडळानं दुरुस्ती केली, ती राष्ट्रपतींच्या सहीसाठी वीस वर्षं पडून होती, सही होऊन मार्च 2015 ला लागू झाली. तेव्हापासून बैल, वळूसुद्धा बंदीत. पाच वर्षांपर्यंत शिक्षा. म्हैस-रेडा यात नाहीत.

परिणाम असा की म्हाताऱ्या बैलाचा शेवटचा भाव शून्यावर आला. पूर्वी त्या भावात थोडी भर घालून लोक नवा गोऱ्हा घ्यायचे. म्हशीचा भाव का टिकलाय, याचंही निम्मं उत्तर इथंच आहे. भाकड म्हशीला अजून किंमत आहे.

---

गोरक्षण_हाच_धर्म
मंगळ, 20/02/2024 - 10:40

जिनं आयुष्यभर दूध पाजलं, ज्यानं नांगर ओढला त्याला पैशात मोजायचं? गोशाळेत द्या. आईवडील म्हातारे झाले की विकता का?

---

म्हसवडचा_पोर
मंगळ, 20/02/2024 - 11:25

@गोरक्षण_हाच_धर्म, आमच्या जवळच्या गोशाळेत मागच्या महिन्यात विचारून आलो. जागा नाही म्हणाले. घ्यायचंच तर जनावरामागं वर्षाच्या चाऱ्याचे पैसे जमा करा म्हणाले. त्यांचंही चूक नाही, त्यांनाही कडबा विकतच घ्यावा लागतो. पण मग ते पैसे माझ्याकडं असते तर मी दारातच सांभाळला नसता का?

---

इरसाल_पाटील
मंगळ, 20/02/2024 - 11:48

एवढं प्रेम असेल तर धागाकर्त्याचा बैल पुण्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये बांधावा. मेंटेनन्समध्ये वैरण धरा.

---

संपादक
मंगळ, 20/02/2024 - 12:10

कायदा चांगला की वाईट यावर आधी तीन धागे होऊन गेलेत, तिथं जाऊन भांडा. इथं बाजार, चारा आणि जनावर एवढंच. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

गुरांची_डॉक्टरीण
मंगळ, 20/02/2024 - 14:20

पशुवैद्यक म्हणून चार गोष्टी.

पहिली, धागाकर्त्याची गाभण जर्सी. ती मोठ्या भावात जाणार नाही म्हणून हिरमुसू नका, पण आत्ता विकूही नका. पाच महिन्यांची गाभण म्हणजे साधारण जूनच्या शेवटी व्यायला येते. तोवर ओला चारा येण्याची शक्यता असते आणि व्यायला झालेल्या गायीला पावसाळ्याच्या तोंडावर भाव मिळतो. फक्त शेवटचे दोन महिने तिचा खुराक तोडू नका. त्या काळात उपाशी राहिलेली गाय व्याल्यावर बसते आणि मग उठत नाही.

दुसरी, वाढ्यावर कुणी पूर्ण अवलंबून राहू नका. उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं. दोन-तीन महिने नुसतं वाढं खाल्लेल्या गायी दुधावरून पडतात, माजावर येत नाहीत. सोबत थोडा कडबा आणि क्षार मिश्रण पाहिजेच.

तिसरी, गव्हाचं काड, भुसकट जे काही पडून आहे त्यावर युरिया प्रक्रिया करा. शंभर किलो काड, चार किलो युरिया, पन्नास लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, तुडवायचा, प्लास्टिकनं हवाबंद करून 21 दिवस ठेवायचा. खायला देण्याआधी तासभर उघडा पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना अजिबात नाही. आणि कृपा करून युरियाचं पाणी टोपलीनं गव्हाणीत ओतू नका, दरवर्षी एखाद्या गावात जनावर मरतं.

चौथी, पाण्याअभावी खुरटलेली, गुडघाभर कोवळी ज्वारी जनावराला तोडून घालू नका. विषबाधा होते आणि मला फोन लागेपर्यंत जनावर आडवं असतं.

---

बांधावरून
मंगळ, 20/02/2024 - 14:55

वाखूसा (वाचनखूण साठवली). डॉक्टरीणबाई, स्वतंत्र धागा काढा.

---

छावणीतला
मंगळ, 20/02/2024 - 19:30

2019 ला बीड जिल्ह्यात चार महिने चारा छावणीत (सरकारी पैशावर जनावरं सांभाळायच्या तळावर) काढलेत, म्हणून लिहितो. तेव्हा मोठ्या जनावरामागं रोजचे 90 रुपये मिळायचे छावणीचालकाला, मे महिन्यात 100 केले. लहानाला निम्मे. मोठ्याला 15 किलो हिरवा चारा. एका घरची पाचच जनावरं अशी अट सुरुवातीला होती, तेव्हा लोकांनी सहावं जनावर चुलत्याच्या नावावर लावलं. कानातल्या बिल्ल्याचं रोज मोबाईलवर स्कॅनिंग. बिल्ला घासला की त्या दिवशी जनावर हजर नाही!

नावं ठेवणारे ठेवतात, पण छावणी होती म्हणून बाजारात भाव टिकला होता. हे कुणी लिहीत नाही. विकल्याशिवाय गत्यंतर नाही असं नसलं की माणूस व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघत नाही, जनावर परत घेऊन जातो. यंदा छावण्यांची नुसती मागणी चालू आहे. काही जिल्ह्यांत चारा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली, त्यानं ज्याच्याकडं चारा आहे त्याचं नुकसान आणि शेजारच्या जिल्ह्यात टंचाई.

छावणीचा एक तोटा मात्र सांगतो. घरातला एक माणूस तिथंच अडकतो. आमच्यात आई आणि मी आलटून पालटून. माझी बारावी त्याच वर्षी होती.

---

इरसाल_पाटील
मंगळ, 20/02/2024 - 19:52

पास झालास का?

---

छावणीतला
मंगळ, 20/02/2024 - 20:01

झालो. 61 टक्के.

---

शर्यतप्रेमी_सांगली
मंगळ, 20/02/2024 - 20:40

सगळे बैलाला गिऱ्हाईक नाही म्हणून रडताय, पण खिल्लारचा बाजार दोन तुकड्यांत फुटलाय हे बघा. मे 2023 ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींना कायमची वाट मोकळी केली, तेव्हापासून पळाऊ खोंडाचा भाव कुठल्या कुठं गेलाय. आदत (पक्के दात न आलेला) खोंड, पाय लांब, कातडी पातळ, शेपटी बारीक, नजर तिखट, असा असेल तर लाखाच्या खाली बोलायचं नाही. दुष्काळ असो की नसो. धागाकर्त्यानं धाकटा बैल कितीचा, कसा आहे ते सांगावं. फोटो टाका.

---

म्हसवडचा_पोर
मंगळ, 20/02/2024 - 21:15

थोरला जुळून (सगळे दात येऊन) बरीच वर्षं झाली, त्याचं वय सोडा. धाकटा चार दाती, कोसा रंगाचा, पण शेतकामाचा. पळत नाही, निवांत माणूस आहे. शर्यतीच्या एका घाटावर नेला होता मागच्या वर्षी मामाच्या पोरानं, तिथं मध्येच थांबून बघत उभा राहिला.

---

शर्यतप्रेमी_सांगली
मंगळ, 20/02/2024 - 21:22

मग अवघड आहे. तरी खरसुंडीच्या चैत्री यात्रेपर्यंत थांबा. तिथं कामाच्या खिल्लारालाही पारखी येतात.

---

हिशोबी_गवळी
मंगळ, 20/02/2024 - 21:50

चैत्रापर्यंत दोन महिन्यांची वैरण धरा आणि मग बोला. यात्रेत भाव मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर सात हजार अंगावर. शर्यतप्रेमींचा सल्ला नेहमी दुसऱ्याच्या कडब्यावर असतो.

---

कारभारीण
मंगळ, 20/02/2024 - 22:30

इतके प्रतिसाद झाले, पण धागाकर्त्याच्या आईला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही. गोठा कोण बघतं घरात? आमच्याकडं 2012-13 ला मालकांनी मला न विचारता दुधाची म्हैस विकली, का तर तिला भाव चांगला आला. रोजचं दूध गेलं, त्याच्यावर चाललेला किराणा गेला, बचत गटाचा हप्ता थकला. आलेले पैसे बोअर मारण्यात गेले आणि बोअर कोरडं. त्यापेक्षा चार शेळ्या काढल्या असत्या तर भागलं असतं. शेळीला बाजार बारमाही आहे, बकरी ईदच्या आधी तर बोकडाला चढा भाव. यंदा ईद जूनमध्ये आहे, बोकड असेल तर आत्ता बिलकुल काढू नका.

माझा सल्ला विचाराल तर रोज पैसा देणारं जनावर सर्वात शेवटी. कालवड विका. तिला अजून वर्ष-दीड वर्ष नुसतं खायला लागणार आहे आणि तिच्या तोंडाकडं बघून उसाच्या भागातला माणूस पैसे देतो.

---

तिसरं_वेत
मंगळ, 20/02/2024 - 22:41

कारभारीणबाईंशी शंभर टक्के सहमत. कालवडीचा विचार कुणीच केला नव्हता.

---

गुरांची_डॉक्टरीण
बुध, 21/02/2024 - 08:10

मी सहमत नाही. आज सगळा दुष्काळी पट्टा कालवडी विकतोय, म्हणजे दोन वर्षांनी इथं दुधाची गाय राहणार नाही आणि तेव्हा तिप्पट पैसे मोजून बाहेरून आणावी लागेल. पशुगणनेत राज्यातला गोवंश 2012 ला 1 कोटी 55 लाखांच्या आसपास होता, 2019 ला 1 कोटी 40 लाखांच्या आत आला. मधल्या काळात दोन मोठे दुष्काळ होते. नंतर 2022 ला लम्पी हा गायींचा त्वचारोग. तेव्हा बाजारच बंद होते आणि गाय दगावली तर भरपाई 30 हजार. आता ज्यांच्या गोठ्यात चांगल्या रक्ताची कालवड उरलीय त्यांनी ती तरी राखावी.

---

हिशोबी_गवळी
बुध, 21/02/2024 - 08:35

डॉक्टरीणबाई, राज्याच्या गोवंशाची काळजी म्हसवडच्या एका गोठ्यानं करायची का?

---

कारभारीण
बुध, 21/02/2024 - 13:05

तेच म्हणते. रक्त राखायचं तर कुणीतरी वैरण द्या.

---

म्हसवडचा_पोर
बुध, 21/02/2024 - 21:30

सगळ्यांचे आभार. आईला विचारलं. ती म्हणाली म्हातारी गाय माझी आहे, तिचं नाव काढायचं नाही, तिच्यापुरतं मी बांधावरनं ओरबाडून आणते. विषय संपला.

थोरला बैल कुठं जाणार नाही, तो राहील. एचएफ राहील. गाभण जर्सी ठेवतो. कालवड येत्या रविवारी नेतोय. डॉक्टरीणबाई, तुमचं पटतंय, पण कालवडीच्या पैशात दोन टन मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) येतो, त्यावर बाकीची जनावरं एप्रिल काढतील, मेचं मे मध्ये बघू. धाकट्या बैलाचं खरसुंडीला बघतो, तोवर युरियाचं काड.

बाजारात पहिल्यांदाच एकटा विकायला जातोय, आजवर वडील असायचे. काय काय बघायचं ते सांगा.

---

रेणापूरकर
बुध, 21/02/2024 - 22:15

पहाटे पोचा. आठ वाजेपर्यंत खरं गिऱ्हाईक असतं, त्यानंतर फिरतात ते हेडी (जनावरांचे व्यापारी), दुपारी थकलेला मालक शोधत. पाणी पाजून न्या, पण पोट फुगेपर्यंत नाही, बघणाऱ्याला कळतं. टॉवेलखाली हात द्यायचा नाही, तोंडानं सांगा म्हणायचं, त्यातच पाचशे-हजार वाचतात. दलालाला आधीच सांगा की तुझी दलाली घेणाऱ्याकडनं.

विसार (आगाऊ रक्कम) घेतला तर पूर्ण पैसे हातात पडेपर्यंत खुंट्यावरनं सोडू नका. आणि बाजार समितीची पावती करताना कानातल्या टॅगचे बाराच्या बारा आकडे पावतीवर लिहून घ्या, घेणाऱ्याचं नाव-गावसुद्धा. गाडी वाटेत अडवली तर विचारणा तुमच्याकडं होते.

---

छावणीतला
बुध, 21/02/2024 - 22:28

+1. आणि तिची दावी आणायला विसरू नका.

---

बांधावरून
बुध, 21/02/2024 - 22:40

मुरघास कुठून घेताय? बारामतीकडून एक गाडी शुक्रवारी दहिवडीपर्यंत येतेय, निम्मी रिकामी आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.